विमानांच्या लॉगबुकातील खोट्या नोंदी ब्लॉकचेनने खरोखर थांबतील का?

प्रश्न : साखळीवाला

नमस्कार. मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. विमानवाहतुकीशी माझा संबंध प्रवासी म्हणून येतो तेवढाच. सध्या आमच्यासमोर एक प्रस्ताव आहे. वैमानिकांच्या उड्डाणतासांच्या आणि विमानांच्या देखभालीच्या नोंदी ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या, एकमेकींत साखळीसारख्या गुंफलेल्या नोंदींच्या वहीत) ठेवाव्यात, म्हणजे एकदा झालेली नोंद मागाहून कोणालाही बदलता येणार नाही आणि बनावट लॉगबुकांचा प्रश्न कायमचा निकालात निघेल, असा त्याचा मथितार्थ आहे. हनीवेलने २०१८ मध्ये सुट्या भागांच्या खरेदी-विक्रीसाठी सुरू केलेले व्यासपीठ आणि २०२० मध्ये स्थापन झालेली एमआरओ (देखभाल-दुरुस्ती) ब्लॉकचेन आघाडी, असे दाखलेही त्यात आहेत. सादरीकरण पटण्यासारखे आहे, पण एक शंका राहून राहून येते. नोंद खोटी होते ती नेमकी कोणत्या टप्प्यावर? लिहून झाल्यावर कोणी खाडाखोड करते म्हणून, की लिहितानाच? या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : हँगर_रात्रपाळी

शंका अगदी योग्य जागी आहे. मी एएमई (विमान देखभाल अभियंता) आहे, आणि माझ्या वाचनात आलेल्या गाजलेल्या प्रकरणांपैकी बहुतेकांत नोंद मागाहून खोडलेली नव्हती, ती जन्मतःच खोटी होती.

व्हॅल्यूजेटचे ५९२ क्रमांकाचे उड्डाण घ्या. ११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेले हे डीसी-९ थोड्याच वेळात एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि विमानातील सर्व ११० जण मृत्युमुखी पडले. कार्गो होल्डमध्ये दुसऱ्या विमानांतून उतरवलेले ऑक्सिजन जनरेटर (रासायनिक क्रियेने ऑक्सिजन तयार करणारे आणि तेव्हा प्रचंड तापणारे डबे) होते. ते उतरवल्यावर प्रत्येकावर प्लॅस्टिकची सुरक्षा टोपी बसवायची, असे वर्क कार्डावर स्पष्ट छापलेले होते. टोप्या बसवल्या गेल्या नाहीत, तरीही काम पूर्ण झाल्याच्या सह्या कार्डावर पडल्या, आणि पुढे पाठवणीच्या कागदावर त्याच डब्यांची नोंद ‘रिकामे’ अशी झाली. कार्ड खरे होते, सही करणारी माणसे खरी होती आणि सही कोणी बदललीही नव्हती. ही नोंद ब्लॉकचेनवर गेली असती, तर तिथेही ती अक्षरशः तशीच आणि कायमची राहिली असती.

कामाची रीत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. पहाटे विमान पहिल्या उड्डाणासाठी हँगरबाहेर काढायचे असते आणि टेबलावर टास्क कार्डांची चळत पडलेली असते. एकेक काम झाल्याबरोबर सही करावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात पाळी संपताना एकदम बसून सगळ्या कार्डांवर सह्या-शिक्के उठवण्याचा मोह मोठा असतो. कागदाऐवजी टॅबलेट दिला, तर लॉगिन केलेला तोच टॅबलेट चौघांच्या हातांतून फिरतो. शिक्का खणात पडून राहणे आणि पासवर्ड सहकाऱ्याला ठाऊक असणे यांत मला काही फरक दिसत नाही.

उत्तर : डावी_सीट

वैमानिकांच्या तासांचेही तेच आहे, पण तिथे पैशांचा दबाव अधिक उघड दिसतो. आपल्याकडे सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवाना) २०० तास आणि एटीपीएलसाठी (कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना) १,५०० तास लागतात. अमेरिकेतही २००९ च्या कोल्गन एअर अपघातानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून विमान कंपन्यांच्या सहवैमानिकांना साधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. लहान विमानाचा एकेक तास हजारो रुपयांना पडतो आणि वहीत तो पेनाने फुकट वाढवता येतो. इंग्रजी बोलणारे वैमानिक अशा तासांना थट्टेने ‘पार्कर ५१ चे तास’ (पार्कर ५१ म्हणजे एक जुने नामांकित पेन) म्हणत आले आहेत, यावरून हा रोग किती जुना आहे ते कळेल.

२०११ मध्ये भारतात दोन वेगळ्या प्रकारची प्रकरणे एकाच सुमारास उघडकीला आली. त्यांची सरमिसळ करू नये. राजस्थानातील सरकारी फ्लाइंग स्कूलमध्ये न झालेल्या उड्डाणांचे तास चढवल्याचा आरोप होता. म्हणजे विद्यार्थी आणि प्रमाणित करणारा शिक्षक दोघेही संगनमतात. अशा ठिकाणी दोन डिजिटल सह्या मागितल्या तर दोन मिळतील. दुसरा प्रकार बनावट गुणपत्रिका देऊन एटीपीएल मिळवण्याचा. त्यातली गंमत अशी, की परीक्षा डीजीसीएची (नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची), निकाल डीजीसीएचा आणि परवाना देणारीही डीजीसीएच! स्वतःच्याच निकालाशी गुणपत्रिका ताडून पाहिली असती तर काम भागले असते. त्याला साधी कोष्टकेही पुरली असती.

मे २०२० मध्ये कराचीला पीआयएचे विमान पडले. त्यानंतर महिन्याभराने पाकिस्तानच्या विमानवाहतूक मंत्र्यांनी संसदेत ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे सांगितले. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, पण संशय बळावला तो कशावरून हे पाहण्यासारखे आहे. काही परीक्षांच्या नोंदलेल्या तारखा सरकारी सुटीच्या निघाल्या. नोंद पकडली गेली ती दुसऱ्या, स्वतंत्र नोंदीशी विसंगत ठरल्यामुळे.

फ्लाइंग स्कूललाही हाच मार्ग लागू पडतो. सेसना १७२ ताशी साधारण ३० ते ३५ लिटर इंधन खाते. महिनाभरात विद्यार्थ्यांच्या वह्यांत एकूण किती तास चढले, इंधन किती लिटर भरले गेले, टॅकोमीटर (इंजिन किती चालले ते मोजणारा मीटर) किती पुढे सरकला आणि नियंत्रण मनोऱ्यात किती उड्डाणे नोंदली गेली, हे चार आकडे शेजारी ठेवले की खोटे तास लपत नाहीत. मात्र जिथे स्वतंत्र एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) नाही तिथे मनोऱ्यातील नोंदही संस्थेचीच माणसे ठेवतात, आणि सर्व प्रशिक्षण विमानांत एडीएस-बी (विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारे उपकरण) असतेच असे नाही. आज ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन प्रणालीवर) ई-लॉगबुक आहेच, पण शिकाऊ वैमानिकाच्या तासांना मान्यता देणार त्याचीच संस्था. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

उत्तर : करारनामा

वरील दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण चित्र थोडे एकांगी होत आहे. मी भाडेतत्त्वावर दिलेल्या विमानांची कागदपत्रे तपासण्याचे काम करतो, आणि तिथे मागाहून घुसडलेल्या किंवा सरळ बनावट तयार केलेल्या कागदांचा धोका खरा आहे. इंजिनातील फिरत्या डिस्कांना सायकलींची ठरलेली मर्यादा असते. सीएफएम५६ या जेट इंजिनात काहींना २०,०००, काहींना ३०,०००. एक उड्डाण म्हणजे एक सायकल. डिस्क कारखान्यातून निघाल्यापासूनचा सगळा हिशेब कागदावर दाखवता आला नाही, तर धातू कितीही चांगला दिसो, तिची किंमत भंगाराची. विमान वीस वर्षांत चार देशांत, चार कंपन्यांकडे फिरलेले असते आणि त्यातली एखादी कंपनी बुडालेली असते. मधल्या एका वर्षाची नोंद ‘सापडली’ तर लाखो डॉलर वाचतात, मोह होणारच. या सगळ्यांवर एकच नियामक नाही, आणि ब्लॉकचेनचा दावा तर परस्परांवर विश्वास नसलेल्यांसाठी सामायिक वही असण्याचाच आहे.

२०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या कंपनीमार्फत विकलेल्या इंजिनभागांची प्रमाणपत्रे बनावट निघाली. टॅप एअर पोर्तुगालच्या अभियंत्यांना एक भाग कागदावरच्यापेक्षा जुना दिसला, त्यांनी सॅफ्रान या इंजिन-उत्पादकाकडे विचारणा केली आणि हे प्रमाणपत्र आमचे नाही असे उत्तर आले. तोवर हे भाग कित्येक विमान कंपन्यांपर्यंत पोहोचले होते.

उत्तर : बीजांक

करारनामा यांनी मांडलेली बाजू या साऱ्या चर्चेतील सर्वांत भक्कम आहे, म्हणून तिच्यापुरतेच लिहितो. त्यांच्या उदाहरणात गरज दोन गोष्टींची आहे : प्रमाणपत्र खरोखर सॅफ्रानने दिले आहे हे कळणे, आणि ते अमुक तारखेनंतर तयार केलेले नाही हे सिद्ध होणे. पहिलीला उत्पादकाची डिजिटल सही पुरते. अनुक्रमांक टाकून उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहता आले तरी पुरते. दुसरीचा उपाय स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्येच दाखवला होता. सर्व कागदपत्रांचे हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेले, मजकूर बदलताच बदलणारे आकडे) एकमेकांत गुंफून त्यातून एकच आकडा काढायचा आणि तो जाहीर करायचा. त्यांची कंपनी १९९५ पासून असा आकडा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापत असे. त्या दिवसानंतर जुना कागद घुसडायचा तर लोकांकडे गेलेले वृत्तपत्राचे सगळे अंक बदलावे लागतील. यात ना टोकन (साखळीवरचे डिजिटल नाणे) लागते, ना पन्नास संगणकांची सहमती.

शिवाय सामायिक वहीची अडचण बहुधा तंत्राची नसतेच. मार्स्क आणि आयबीएम यांचे ट्रेडलेन्स हे जहाजवाहतुकीचे ब्लॉकचेन व्यासपीठ चालत होते. तरी संपूर्ण उद्योगाचे जागतिक सहकार्य मिळाले नाही, असे सांगून २०२२ च्या नोव्हेंबरात ते बंद करण्याचे जाहीर झाले. ज्या कंपनीला आपल्या जुन्या नोंदी उघड करायच्या नाहीत, ती साखळीत येणारच नाही. आणि बुडालेल्या कंपनीची जुनी कागदी वही कोणीतरी हातानेच भरून साखळीवर चढवणार, म्हणजे तिच्यातले आधीचे खोटे आता नव्या, कोऱ्या करकरीत तारखेसह पक्के होणार.

साखळीवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता एवढेच विचारतो. देखभालीच्या नोंदींत वैमानिकांच्या इंधनासारखी ताडून पाहण्याजोगी दुसरी नोंद कोणती?

हँगर_रात्रपाळी

टूल स्टोअर्सचे रजिस्टर आणि भागांच्या मागणीच्या पावत्या. एखाद्या कार्डावर बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळल्याची सही पहाटे ३:४० ची असेल आणि त्या रात्री तेवढ्या क्षमतेचा टॉर्क रेंच स्टोअर्समधून बाहेरच पडलेला नसेल, तर पुढे काही सिद्ध करायची गरज राहत नाही. तसेच नवी सील बसवल्याची सही असेल तर सीलची पावती त्याच विमानाच्या नावे निघालेली हवी. हे रजिस्टर वेगळा माणूस वेगळ्या कारणासाठी भरतो, त्यामुळे संगनमताला आणखी एक जण लागतो. बऱ्याच हँगरांत या दोन्ही नोंदी आता संगणकावर असतात, पण निरनिराळ्या प्रणालींत, आणि ऑडिटच्या वेळी त्या हाताने जुळवल्या जातात, त्याही मोजक्याच कार्डांपुरत्या. आपल्याला खर्च करायचाच असेल, तर या प्रणाली एकमेकींना जोडून दर रात्री आपोआप जुळणी करून घ्या आणि न जुळलेल्या कार्डांची यादी सकाळी क्वालिटी मॅनेजरच्या टेबलावर जाऊ द्या.