दोघांची नोकरी, एकच घर: 'मधोमध' घर घेणं खरंच न्याय्य आहे का?

वाटसरू:

नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर घर शोधताना पहिला सल्ला ठरलेला असतो: दोघांच्या ऑफिसच्या मधोमध बघा. मला हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा.

नकाशावर जे मधोमध दिसतं ते घड्याळात तसं निघत नाही. एकाला थेट गाडी मिळते, दुसऱ्याला दोनदा बदलावी लागते. पण माझा मुख्य मुद्दा हा नाही. ऑफिस कायम एका जागी राहत नाही. कंपनी हलते, नोकरी सुटते, बढती मिळते ती दुसऱ्या शाखेत. घरात नोकऱ्या दोन म्हटल्यावर असं काहीतरी घडण्याची शक्यताही वाढते, आणि घर मात्र कर्जाच्या हप्त्यांनी जागेला बांधलेलं. म्हणून आजच्या दोन ऑफिसांचा मध्य काढत बसू नये. दोघांनाही पुढची नोकरी जिथून करता येईल तिथे घर घ्यावं, त्यासाठी एक खोली कमी मिळाली तरी चालेल.

डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थतज्ज्ञांनी २००० साली अमेरिकेतली आकडेवारी मांडली होती. दोघंही पदवीधर असलेल्या जोडप्यांपैकी १९४० मध्ये ३२ टक्के मोठ्या महानगरांत राहत होती, १९९० मध्ये ५० टक्के. दोघांना आपापल्या शिक्षणाला साजेसं काम एकाच गावात हवं असेल तर गाव मोठं लागतं, हे त्यांनी दिलेलं प्रमुख कारण. जे गावाबाबत खरं तेच गावातल्या वस्तीबाबतही खरं आहे.

पायवाट:

असहमत. आधी आकड्यांबद्दल. जेनिस कॉम्प्टन आणि रॉबर्ट पोलक यांनी २००७ मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला. त्यांचं म्हणणं असं की, अशी जोडपी मोठ्या शहरांकडे खास ओढली जात नाहीत. शिकलेली माणसं तिथे आधीच जास्त असतात, म्हणून जोड्या तिथेच जमतात. तेव्हा या आकड्यावर घराचा निर्णय उभा करू नका.

दुसरं, मुलं लहान असताना 'पुढची नोकरी' फार लांबची गोष्ट असते. मुलाला ताप आलाय म्हणून शाळेतून फोन येतो तेव्हा कोण पटकन पोहोचतं, हा रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे. घर, शाळा आणि एकाचं ऑफिस एकमेकांच्या जवळ ठेवा. दुसऱ्याने लांबचा प्रवास करावा. माझ्या ओळखीतली जी घरं सुरळीत चालतात, ती बहुतेक अशीच चालतात.

निळी_शाई:

@पायवाट, 'एकाचं' म्हणजे कोणाचं, ते लिहा ना. बहुतेक घरांत ते बायकोचं असतं, आणि त्यासाठी कोणी बसून ठरवलेलंही नसतं.

जवळ असते म्हणून शाळेचा फोन ती घेते. फोन तिलाच येणार म्हणून पुढची नोकरीही ती जवळचीच शोधते. जवळच्या नोकऱ्या मोजक्या, त्यामुळे तिचा पगार मागे पडतो. मग पुन्हा घर बदलायची वेळ आली की ज्याचा पगार जास्त त्याची सोय बघितली जाते. प्रत्येक पायरीवर निर्णय शहाणपणाचाच वाटतो, आणि दहा वर्षांनी तिची कारकीर्द कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

फ्रान्समधल्या बेरोजगारांच्या सरकारी नोंदींवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवास कमी व्हावा म्हणून पगारावर पाणी सोडायची तयारी स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त दिसली. आधीची नोकरी वगैरे बाबी सारख्या धरूनही, नव्या नोकरीत त्यांचा प्रवास १२ टक्के कमी होता आणि तासाचा पगार ४ टक्के कमी. आवड म्हणून कोणी ही किंमत मोजत नाही. घरची जबाबदारी ती मोजायला लावते.

पायवाट:

मग नवऱ्याचं ऑफिस जवळ ठेवा आणि शाळेचा फोन त्याला घेऊ द्या. माझी अजिबात हरकत नाही. मी एवढंच म्हणतोय की दोघंही लांब नकोत, आणि वाटसरूंच्या योजनेत नेमकं तेच होऊ शकतं. लांबच्या प्रवासाचा ताण नात्यावरही येतो. स्वीडनमध्ये एरिका सँडोव्ह यांनी जोडप्यांचा अभ्यास केला. एकीकडचा प्रवास ४५ मिनिटांहून जास्त असेल तर वेगळं होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळला, आणि सुरुवातीची वर्षं सर्वांत कठीण.

संध्याछाया:

आता घरून काम करता येतं. आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जायचं तर लांबचं मोठं घर परवडतं. हा वाद आता जुना झाला.

रात्रपाळी:

@संध्याछाया, तुमच्यासाठी जुना झाला असेल. मी रुग्णालयात परिचारिका आहे, रुग्णांची शुश्रूषा घरून होत नाही. नवऱ्याला घरून काम करायची मुभा मिळाली आणि आम्ही शहराबाहेर मोठं घर घेतलं. त्याचे फेरे कमी झाले, माझे तेवढेच राहिले आणि प्रत्येक फेरा लांबला. पहाटेच्या पाळीला जाताना गाड्याही कमी असतात. ज्याला घरून काम करता येतं त्याच्या सोयीने घर बाहेर सरकतं आणि ज्याला येत नाही त्याला ते अंतर रोज कापावं लागतं. घर ठरवताना माझ्या पाळीच्या वेळेला एकदा तरी दोघांनी तो प्रवास करून बघायला हवा होता.

वाटसरू:

@रात्रपाळी, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. वेळ मोजायचा तो ज्याच्या-त्याच्या कामाच्या वेळेलाच.

@पायवाट, दोघंही लांब नकोत हे मान्य. पण जवळ कोणाला ठेवायचं हे पगारावरून ठरवू नका. ज्याला हातची नोकरी गेल्यावर त्या भागात दुसरी सहज मिळेल, त्याने घराजवळचं काम धरावं आणि शाळेचा फोनही त्यानेच घ्यावा. जिच्या कामाची ठिकाणं शहरात दोन-चारच आहेत, तिला त्या सगळ्या ठिकाणी पोहोचता येईल अशा मार्गावर घर असावं. आणि दोघांपैकी एकाची जरी नोकरी नवी असेल, तर ती स्थिरावेपर्यंत भाड्याने राहा.