अनुभव धागा: परदेशी सेवेला गेलात आणि कुठे बावचळलात?

ख्रिस्ती सेवेसाठी परदेशी राहिलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. भाषा येत नव्हती, हवा सोसवेना, हे जाण्याआधीच्या प्रशिक्षणात सांगतातच. मला हवंय ते वेगळं. प्रभू तोच, बायबल तेच, आणि तरी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारातच तुमचा गोंधळ कधी उडाला?

सुरुवात मी करतो. काठमांडूतला पहिला रविवार. इस्त्रीचा शर्ट, काखेत बायबल आणि समोर कुलूप. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची, म्हणून बहुतेक मंडळ्यांची उपासनाही शनिवारी. रविवारी सगळे कामावर. "काल का नाही आलात?" असं शेजारच्या दिदींनी विचारलं, कारण मला हे माहीत नसेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चपला बाहेर काढणं, जमिनीवर मांडी घालणं दोन आठवड्यांत अंगवळणी पडलं. शनिवार पडायला वर्ष लागलं.

*

आमच्याकडे शुक्रवार! दुबईत एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या भरतात आणि सभागृह तासांच्या हिशोबानं मिळतं. संदेश, म्हणजे प्रवचन, पाच मिनिटं लांबला की पुढची मंडळी दारात उभी. (माझे संदेश आटोपशीर झाले ते पवित्र आत्म्यामुळे की त्या दारामुळे, सांगता येत नाही.) जानेवारी २०२२ पासून तिथली सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली. वाटलं, चला, आता रविवारी भेटू. पण आमची निम्मी माणसं शुक्रवार सोडेनात. मग काय, दोन्ही दिवस उभा राहतो.

*

जर्मनी. हसू नका.

नव्या गावात राहायला गेलं की तिथे नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. अर्जात धर्माचा रकाना होता. माझी पहिली साक्ष इथेच, अशा थाटात मी 'इव्हांगेलिश' लिहिलं. मला वाटलं, त्याचा अर्थ आपण म्हणतो तो इव्हँजेलिकल, सुवार्ता सांगणारा. तिकडे त्याचा अर्थ प्रोटेस्टंट राज्यचर्चचा सभासद. माझी एक अर्धवेळ नोकरी होती, तिच्या पगारपत्रकात पुढच्या महिन्यापासून चर्च-कर दिसू लागला. हा कर प्राप्तिकरावर लागतो, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९. ज्या मंडळीत मी सेवेला होतो ती स्वतंत्र, केवळ दानार्पणावर चालणारी. तिला यातलं काही मिळत नव्हतं.

हा कर थांबवायचा तर सरकारदरबारी जाऊन 'मी चर्च सोडलं' असं लिहून द्यावं लागतं. दिलं. सुवार्तेसाठी घरदार सोडून गेलेला मी, चर्च सोडल्याचा सरकारी दाखला खिशात घालून बाहेर पडलो. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

*

वरच्या दादांचा दाखला फ्रेम करून लावायला हवा. मी सोलला होते. कोरियन मंडळ्यांमध्ये रोज पहाटेची प्रार्थना असते, आमच्याकडे ५ वाजता. पाहुणी म्हणून एक दिवस गेले, तर दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी उशी मांडलेली असायची. आता न जाऊन सांगता कुणाला!

खरी गडबड प्रार्थनेतच झाली. माझी पाळी येईल म्हणून मी मनात वाक्यं जुळवत बसले होते. पाळकांनी खूण केली आणि सगळे एकदम, मोठ्यानं, आपापली प्रार्थना करू लागले. मी डोळे उघडे ठेवून बघत राहिले. पाळी नव्हतीच. महिनाभरानं लक्षात आलं, त्या आवाजात आपण काय बोलतो ते कुणालाच ऐकू येत नाही. तेव्हापासून मी जे देवाला सांगायला लागले, ते त्याआधी चारचौघांत कधीच तोंडातून निघालं नसतं.

*

इथिओपियात २५ डिसेंबरला मी वर्गात गणित शिकवत होते. तिथला नाताळ ७ जानेवारीला. शिवाय वर्षाला १३ महिने. दोनदा रडले, पुढच्या वर्षी दोनदा नाताळ केला.

*

टांझानिया. पाळकांनी कळवलं, उपासना 'सा न्ने' वाजता, संदेश तुमचा. न्ने म्हणजे चार एवढं स्वाहिली मला येत होतं. धूळ खात बसनं बरोबर दुपारी चारला पोचले. पण स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. सात वाजले की एक, दहा वाजले की चार. उपासना सकाळी दहाला होती.

आत पाच-सहा बिबी, म्हणजे आज्ज्या, अजून गात बसल्या होत्या. मला बघताच उठल्या आणि एकेक जण हात धरून म्हणू लागली, "पोले, पोले." पोले म्हणजे 'माफ करा' असं मी पाठ केलं होतं. उशीर माझा आणि माफी या का मागताहेत? मीही घाईघाईनं पोले म्हटलं, तर त्या खो-खो हसल्या. दुसऱ्याला त्रास झाला की हा शब्द म्हणतात, हे मला पुढे कळलं. माझा बसचा प्रवास फार लांबचा झाला, म्हणून त्या हळहळत होत्या.