मदत हवी आहे: वेमोच्या विनाचालक टॅक्सीत सामान आणि उतरण्याची जागा

पहिल्यांदाच बसणाऱ्या दोन ज्येष्ठांसाठी विचारतोय. चढण्याचं कळलंय: छतावरच्या घुमटावर आपली आद्याक्षरं दिसली की गाडी आपली, अ‍ॅपवरून दार उघडायचं, मागे बसून पट्टे लावायचे आणि स्क्रीनवर प्रवास सुरू करायचा. उतरताना हँडल दोनदा ओढायचं, पहिल्यांदा फक्त लॉक निघतं. (हे आधी सांगितलं नाही तर माणूस आत अडकल्यासारखा घाबरतो.)

अडचण डिकीची आहे. चालक नसल्यामुळे 'थांबा हो, बॅग राहिली' म्हणायची सोय नाही. बॅग निघेपर्यंत मागचं एक दार उघडंच ठेवायचं, म्हणजे गाडी हलणार नाही, हा उपाय पुरेसा आहे का? की डिकी विसरून बॅग सरळ सीटवरच ठेवावी?

दुसरं म्हणजे, अ‍ॅपच्या नकाशावर उतरण्याच्या जागेची खूण (पिन) दाराशी टाकली तरी गाडी सुरक्षित जागा बघून थोडी पुढे किंवा कोपऱ्यापलीकडे थांबते. गुडघे दुखणाऱ्यांना तेवढंही जड जातं. कमी चालावं लागेल अशी पिन कशी निवडता? आणि प्रवासात मदतीचं बटण दाबून माणसाशी बोलल्यावर उतरण्याची जागा बदलून मिळते का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.