मदत हवी आहे : नागपूरच्या महाल भागातील वाड्यात सापडलेले टोपीचे रिव्हॉल्व्हर कोणते असावे?

महालवासी :
आमचा महालातील वाडा महिनाअखेर रिकामा करून द्यायचा आहे. माळ्यावरची शिसवी पेटी उघडली, तेव्हा जुन्या धोतरात गुंडाळलेले एक रिव्हॉल्व्हर निघाले. आमच्या पूर्वजाने भोसले व इंग्रज यांच्या सीताबर्डीच्या लढाईत ते एका इंग्रज अधिकाऱ्याकडून हिसकावून घेतले, असे आजोबा सांगत असत. यात काडतूस जात नाही; मागे तांब्याची टोपी लावून बार उडवायचा हा जुना प्रकार आहे. घोडा अर्धवट मोडलेला आहे आणि नळीखालचा गोळी ठासायचा दांडाही हरवला आहे. ते कोणत्या कारखान्याचे व कोणत्या सालचे, एवढेच मला हवे आहे. एक गृहस्थ रविवारी ते पाहायला येणार आहेत, त्याआधी उत्तर मिळावे.

कामठीरोड :
हे कोल्टच आहे. माझ्या आजोळी परवान्यावर १८५१ चे कोल्ट नेव्ही होते आणि त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे बहुधा तेच असे. चक्रावर जहाजांच्या लढाईचे कोरीव चित्र आहे का, ते पाहा.

जुनीहत्यारे :
छायाचित्र नसताना इतक्या खात्रीने सांगणे धाडसाचे आहे. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ ची आणि कोल्ट यांचे इंग्लंडमधील पेटंट १८३५ चे. तेव्हा टोपीचे रिव्हॉल्व्हर सीताबर्डीच्या टेकडीवर असणे शक्य नाही. महालवासी, कृपया पुढील गोष्टी कळवा. चक्राला गोळ्यांची घरे पाच की सहा? चक्राच्या वरून लोखंडी पट्टी गेली आहे, की वरची बाजू उघडी आहे? कुठे अक्षरे आहेत का? आणि घोडा म्हणजे आपल्याला बोटाने ओढायचा चाप म्हणायचे आहे, की टोपीवर आपटणारी हातोडी? नागपुरात दोन्हींना घोडा म्हणतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते भरलेले आहे का?

महालवासी :
मी साधा प्रश्न विचारला होता. भरलेले कसे असेल, दीडशे वर्षे पडून आहे! घरे पाच आहेत आणि वर पट्टी आहे. घोडा म्हणजे मागची हातोडी. अंगठ्याने ओढायला तिला जे शिंग असते, ते नाही. अक्षरे गंजात बुजली आहेत.

इतवारीकर :
घासलेटात रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी पॉलिश पेपर मारा. आमच्या देवघरातील समया मी अशाच लखलखीत केल्या आहेत.

जुनीहत्यारे :
कृपया असे काहीही करू नका. इंग्रजी हत्यारांवर लंडन वा बर्मिंगहॅम येथील चाचणीचे बारीक शिक्के असतात आणि ओळख पटवायला तेच उपयोगी पडतात. पॉलिश पेपरने ते कायमचे जातात, आणि एकदा गेलेला जुना पृष्ठभाग कोणालाही परत आणता येत नाही.

सक्करदरा :
आपल्याकडे तलवार असती, तर अधिक मोल आले असते. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार घेतली, हे सर्वांना ठाऊक आहेच. अजब बंगल्यातील, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, शस्त्रांचे दालनही एकदा अवश्य पाहा.

महालवासी :
तलवारीविषयी मी विचारलेले नाही. मऊ कोरड्या फडक्याने पट्टीवरची धूळ टिपली आणि विजेरी तिरपी धरली, तेव्हा ‘किंग विल्यम स्ट्रीट’ एवढी इंग्रजी अक्षरे दिसली.

कामठीरोड :
कोल्ट यांचाही लंडनमध्ये कारखाना होता, हे विसरू नका. घोड्याचे शिंग मोडले असणार.

जुनीहत्यारे :
कोल्ट यांचा लंडनचा कारखाना पिम्लिकोला होता. शिवाय नेव्हीची वरची बाजू उघडी असते आणि घरे सहा असतात. ३०, किंग विल्यम स्ट्रीट हा डीन, अ‍ॅडम्स अँड डीन यांचा पत्ता. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांच्या १८५१ च्या पेटंटमध्ये चाप ओढला, की चक्र फिरते, घोडा उठतो आणि पडतो. त्यामुळे त्याला शिंगाची गरजच नसते. घोड्याची पाठ बोटाने चाचपून पाहा. मोडल्याची खरखरीत कड नसेल, तर तो मुळातच तसा घडवलेला आहे. अंगठ्यानेही ओढता येईल असा घोडा पुढे काही वर्षांनी बोमाँट यांच्या सुधारणेने आला. दांडाही बहुधा हरवलेला नाही : सुरुवातीच्या अ‍ॅडम्सला तो नसे, नमद्याची चकती लावलेली गोळी अंगठ्याने घरात दाबत असत. मात्र अक्षरांवरच विसंबू नये, कारण आपल्याकडे वायव्य सरहद्दीवर बनवलेल्या नकलाही फिरत असतात आणि त्यांतील अक्षरे बहुधा चुकलेली असतात.

वकीलसाहेब :
एक गोष्ट कोणीच स्पष्ट सांगितली नाही, म्हणून लिहितो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जे चालवता येत नाही, त्यालाच. आपले त्यात बसते की नाही, हे आपण घरी ठरवू शकत नाही. विक्रीचा विचार त्यामुळे तूर्त बाजूला ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्या. ते स्वतः पिशवीत घालून नेऊ नका.

जुनीहत्यारे :
मी सहमत आहे. त्याआधी मागून नुसते पाहा, निपलांवर, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडांवर, तांब्याच्या टोप्या आहेत का? असतील, तर हात लावू नका. नसतील, तर नळी भिंतीकडे करा, बाजूला उभे राहा आणि जी घरे उघडी दिसतात त्यांत पुढून उदबत्तीची न जळलेली बांबूची काडी अलगद घालून खोली मोजा. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली, तर दीडशे वर्षांनीही पेट घेते.

महालवासी :
पाठ गुळगुळीत आहे. टोप्या नाहीत. नळीसमोरचे घर सोडून चार घरे तपासली. तीन घरांत काडी सारखीच आत गेली, चौथ्यात जवळजवळ बोटभर आधीच अडली. ते भरलेले नसेल, असे मी वर घाईत लिहिले, ते चूक होते. ते आहे तसे पेटीत ठेवून खोलीला कुलूप लावले आहे, मुलांना वरच्या मजल्यावर पाठवले आहे आणि रविवारच्या गृहस्थांना नको म्हणून कळवले आहे. पोलीस ठाण्यासाठी अर्ज लिहितो आहे. ‘एका घरात दारू व गोळी असण्याची शक्यता’ हे वाक्य अर्जात सुरुवातीलाच लिहावे ना?

वकीलसाहेब :
होय, पहिल्याच ओळीत लिहा. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.