टीम खाली गेली, तरी मॅच बघता का? खान्देशातल्या फुटबॉलवाल्यांनो, अनुभव लिहा

लेस्टर दोन वर्षांत दुसऱ्यांदा खाली गेलं, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमधून दुसऱ्या पायरीवरच्या चॅम्पियनशिपमध्ये. साउदॅम्प्टन तर ६ एप्रिल २०२५ लाच गेलं, अजून सात मॅचेस बाकी असताना. प्रीमियर लीगमध्ये इतक्या लवकर कुणीच गेलेलं नव्हतं. आमच्या जळगावच्या ग्रुपवर तेव्हापासून दोनच भांडणं चालू आहेत. एक म्हणजे गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत खेळायचं की बॉल मिळाला की सरळ पुढे पळायचं. दुसरं म्हणजे आता चॅम्पियनशिपमध्ये गेलेल्या टीमसाठी कुणी जागरण करायचं का.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी 'तुमचं काय?' विचारायला नको. पासिंगला नुसत्या शिव्या घालण्यात अर्थ नाही. कोच कोंपनीच्या बर्नलीने २०२२-२३ मध्ये चॅम्पियनशिपला १०१ गुण काढले, ते पासिंगवरच. पुढच्याच वर्षी वर जाऊन तसंच खेळले आणि २४ गुणांवर खाली आले. खाली तुमची पोरं समोरच्यांपेक्षा सरस असतात, म्हणून बॉल तुमच्याकडे राहतो. वर समोरचा तीन माणसं अंगावर सोडतो आणि तुमच्याच बॉक्ससमोर बॉल काढून घेतो. पद्धत तीच, फक्त समोरचा बदलला. हे कोचला दिसत नसेल असं नाही, पण एवढे गुण काढून दिलेली गोष्ट सोडवत नाही.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. मॅच बघणं सोडलंत का? कधी, कशामुळे? कुठल्याही टीमचं चालेल. 'लिव्हरपूल बघा ना राव' असे सल्ले मात्र नकोत.

रावेरहून, केळीवाला

दादा, मी २०१६ चा लेस्टरवाला. तेव्हा कॉलेजात होतो. ५००० ला १ असा भाव असलेली टीम चॅम्पियन झाली आणि आपण जन्माचे अडकलो. ती टीम बॉल ठेवायचीच नाही. कांतेने काढायचा, मारेझने पुढे द्यायचा, वार्डीने पळायचं. संपलं. निम्म्यापेक्षा कितीतरी कमी वेळ बॉल त्यांच्याकडे असायचा आणि गुण ८१.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट आलटून पालटून रात्रीची येते. मोटर चालू करायची, फिल्टर धुवायचा, ठिबकचे व्हॉल्व फिरवायचे आणि मोबाईल स्टार्टरच्या पेटीवर टेकवून मॅच लावायची. शनिवारी तिकडची तीनची मॅच म्हणजे आपली साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. माझ्या पाण्याच्या पाळीला एकदम फिट्ट. २०२३ ला खाली गेले तेव्हा चॅम्पियनशिप मला धड दिसेना. एक ॲप घेतलं, ते ऐन दुसऱ्या हाफात गोल गोल फिरत बसायचं. मंगळवारची मॅच रात्री सव्वाला. तरी बघितल्या, कारण लाईट तेव्हाही रात्रीचीच होती!

बोर झालो ते तेव्हाचा कोच मॅरेस्का याच्या पद्धतीने. गोलकीपर हर्मनसन बॉलवर पाय ठेवून उभा. समोरचा पळत येईपर्यंत हलायचंच नाही. मी बांधावरून ओरडायचो, 'मागे कायले देतो रे भो!' शेजारच्या वावरातले काका विचारायचे, कुणाशी भांडतो रात्रीचा.

पण खरं सांगू? जिंकत होते. ९७ गुण, पहिला नंबर. आणि मी तरी वैतागलेलोच.

लेस्टरहून, मूळ अमळनेरची

केळीवाले भाऊ, तुम्ही बांधावरून ओरडत होतात, मी स्टेडियममध्ये बसून तेच ऐकत होते. माझ्या मागच्या रांगेत एक आजोबा आहेत, फिल्बर्ट स्ट्रीटच्या जुन्या मैदानापासूनचे. बॉल मागे गेला की ते जोरात उसासा टाकायचे. एकाने टाकला की पाच-सहाजण, मग सगळा स्टँड. त्या दबावाने डिफेंडर अजूनच घाबरून अजूनच मागे पास द्यायचा. जानेवारी २०२४ मध्ये तर मॅच जिंकल्यावर मॅरेस्का वैतागून बोलला की ह्या पद्धतीबद्दल शंका असेल तर मी दुसऱ्या दिवशी निघून जाईन. टीम तेव्हा टेबलात वर होती बरं का! उन्हाळ्यात तो गेलाच, चेल्सीला.

मला स्वतःला ते खेळणं आवडायचं. उजवा बॅक पेरेरा बॉल मिळाला की बाजूला पळण्याऐवजी मधे सरकायचा आणि मिडफिल्डमध्ये एक माणूस वाढायचा. टीव्हीवर ते नीट कळत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. वरून बसून बघितलं की अख्खा पट दिसतो. ज्यांना पासिंग कंटाळवाणं वाटतं त्यांनी एकदा तरी वरच्या रांगेतून बघावं, एवढंच म्हणेन.

खरी वाट लागली ती नंतर. नवीन कोच, तो नोव्हेंबरात गेला, मग व्हॅन निस्टलरॉय. डिसेंबर ते एप्रिल घरच्या मैदानावर ओळीने नऊ लीग मॅचेस हरलो आणि नऊच्या नऊमध्ये एकही गोल नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये आधी कुणावर ही वेळ आली नव्हती म्हणे. ना पासिंग, ना पळणं. प्रत्येक सीटवर पुठ्ठ्याची घडी घातलेली पट्टी ठेवलेली असते, हातावर आपटून आवाज करायला. २०१६ ला त्या आवाजाने कान बसायचे. यंदा लोक त्याची विमानं करून मैदानात सोडत होते. एक विमान बरोबर पेनल्टी स्पॉटजवळ उतरलं, तेवढ्यापुरती टाळी पडली.

गर्दीचं म्हणाल तर जाहीर होणारा आकडा विकलेल्या तिकिटांचा असतो. सीझन तिकीटवाला घरी बसला तरी मोजला जातो. त्यामुळे कागदावर स्टेडियम भरलेलं आणि माझ्या डाव्या हाताला सहा खुर्च्या रिकाम्या. २० एप्रिलला लिव्हरपूलने एक गोल करून आम्हाला खाली पाठवलं, ईस्टरच्या रविवारी. आईला फोन केला तर म्हणाली, 'मंग इतला पैसा दिसन कसाले जास वं?' (एवढा पैसा देऊन कशाला जातेस गं?) उत्तर नव्हतं. सीझन तिकीट पुन्हा काढलं आहे. नवरा घेणार नाही म्हणतो.

धुळ्याहून, साउदॅम्प्टन (हो, आहे एकजण)

आमचं दुःख ऐका. २६ मे २०२४, वेंबली, प्लेऑफ फायनल, लीड्सला एक-शून्यने हरवून वर गेलो. नेमकी त्याच वेळी साडेसातला आयपीएलची फायनल. घरातल्या टीव्हीवर चेन्नईचं मैदान, माझ्या मोबाईलवर वेंबली. आर्मस्ट्राँगने गोल मारला तेव्हा मी उडालो, बाबांना वाटलं विकेट पडली. (विकेटी पडतच होत्या म्हणा.)

मग वर गेलो आणि आमचा कोच रसेल मार्टिनने तेच चालू ठेवलं. गोलकिक छोटी, डिफेंडर बॉक्समध्येच, बॉल गेला, गोल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. डिसेंबरात टॉटनहॅमने घरात येऊन पाच मारले, त्याच रात्री मार्टिन गेला. शेवटी १२ गुण. डर्बीचा सगळ्यात कमी, ११ गुणांचा विक्रम मोडला नाही याचाच आम्ही आनंद मानला.

३ मेला लेस्टर विरुद्ध साउदॅम्प्टन झाली, दोन्ही आधीच खाली गेलेले. अमळनेरच्या ताई, तुमचा घरचा दुष्काळ आम्हीच संपवला. दोन गोल दिले. आभार मानायला हरकत नाही.

लेस्टरहून, मूळ अमळनेरची

मानले. 🙏

चोपड्याहून, शाळेत पीटी शिकवतो

एक गोष्ट सुटते आहे. २०१९ पर्यंत गोलकिकचा बॉल बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय आपल्या माणसाला घेता येत नव्हता. नियम बदलला आणि डिफेंडर बॉक्समध्येच गोलकीपरच्या बाजूला उभे राहू लागले. कल्पना अशी की समोरच्याला वर ओढायचं आणि त्याच्या मागे मोकळी झालेली जागा वापरायची. बरोबर जमलं तर चार पासात तुम्ही समोरच्या गोलपाशी असता. म्हणजे ही पद्धतही शेवटी पुढे जाण्यासाठीच आहे. टीकाकार आणि कोच दोघेही हे विसरतात.

मात्र ह्याची एक भलतीच लागण झाली आहे. माझी चौदाखालची पोरं मोबाईलवर क्लिप बघतात आणि तालुक्याच्या स्पर्धेत गोलकीपर बॉलवर पाय ठेवून उभा राहतो. आमचं मैदान म्हणजे अर्धा मुरूम, अर्धी काळी माती, उन्हाने भेगा पडलेल्या. बॉल भेगेच्या काठावर लागला की कुठेही उडतो. मागच्या पावसाळ्यानंतरच्या मॅचमध्ये असाच पास डिफेंडरच्या नडगीवर आपटला आणि थेट आमच्याच गोलात. पोरगा माझ्याकडे बघून म्हणतो, 'सर, बिल्डअप करत होतो.' रागवायचं की हसायचं? त्याला एवढंच म्हटलं की आधी मैदान बघ, मग समोरचा बघ, मग ठरव.

भुसावळहून, रेल्वेतून निवृत्त

सगळं वाचलं. पोरांनो, राग मानू नका, पण तुम्ही ज्या खुर्च्या रिकाम्या झाल्या म्हणून हळहळता आहात त्या हजारो मैलांवर आहेत. आमच्या लहानपणी रेल्वेच्या ग्राउंडवर मॅच असली की ड्युटी संपलेले लोक डबा हातात घेऊन थेट तिथे यायचे. लाईनवर चुना, बाजूला दोरी, दोरीमागे माणसं. अर्धे खेळाडू अनवाणी. एक फायरमन होते, लेफ्ट बॅक. बॉल आला की डोळे मिटून लांब मारायचे. लोक ओरडायचे, 'इंजिन आलं, बाजूला व्हा!' पद्धत-बिद्धत कुणाला ठाऊक. ते हरले तरी पुढच्या रविवारी माणसं तेवढीच.

तुम्ही म्हणता टीम खाली गेली. आपल्याकडे आयएसएल ह्या वरच्या लीगमध्ये २०२४-२५ पर्यंत तरी कुणाला खाली पाठवलंच नाही. शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी टीम तिथेच असायची. मला विचाराल तर तेच जास्त कंटाळवाणं. आय-लीग ह्या दुसऱ्या लीगमध्ये मिझोरमच्या आयझॉलचं बघा. २०१५-१६ ला खाली गेले, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतले गेले आणि २०१६-१७ ला थेट चॅम्पियन. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे संघ खेळतात, तिथे गर्दीला कमी नाही. खान्देशात काय कमी आहे? माणसं बसायला तयार नाहीत, दुसरं काही नाही.

शहाद्याहून, सुंदरलँड

काकांशी अर्धा सहमत. अर्धा नाही, कारण गर्दी हा नुसता सवयीचा भाग नसतो. आमची टीम २०१७ ला खाली गेली, २०१८ ला आणखी खाली. तिसऱ्या पायरीवर. त्या वर्षी २६ डिसेंबरला ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ माणसं आली. तिसऱ्या डिव्हिजनला! चार वर्षं तिथे सडलो. खेळणं बहुतेक वेळा भिकार होतं, हे मी प्रेमाने म्हणतो. मला ती वर्षं नुसती रेडिओ कॉमेंट्रीवर काढावी लागली, कारण चित्र कुठेच मिळेना. ऐकायलाही मजा येते बरं, पास मागे गेलेला दिसत नाही. फक्त गर्दीचा आवाज बदलतो, त्यावरून कळतं.

मला वाटतं लोक हरण्याने जात नाहीत. समोर बॉल जातच नाही, कुणी प्रयत्नच करत नाही, तेव्हा जातात. परवा २४ मेला वेंबलीत शेवटच्या मिनिटांत शेफील्ड युनायटेडला २-१ हरवून वर आलो. आता आमची पाळी, बघू खाली येतो का.

जळगावहून, सीए

पैशाचंही बोला कुणीतरी. खाली गेलेल्या क्लबला तीन वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मिळत राहतो. वरच्यांना समान वाटला जाणारा जो हिस्सा असतो त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, मग ४५, मग २०. एकच वर्ष वर राहून आलात तर दोनच वर्षं. लेस्टर आणि साउदॅम्प्टन दोघांनाही ह्यावेळी दोनच. म्हणजे घाई आहे, आणि घाईत कोण तरणी पोरं घेऊन नवी पद्धत बसवणार? परत जुनंच होणार. बर्नली बघा, ह्या सीझनला ४६ मॅचेसमध्ये फक्त १६ गोल खाल्ले, १०० गुण, आणि त्यांचेच लोक शून्य-शून्य बघून जांभया देत होते.

धागाकर्ता

सीए साहेब, जांभया देत वर गेले ना? मला चालेल.

शहाद्याच्या दादांचं मात्र पटलं. १८ मेला वार्डीची लेस्टरकडून शेवटची मॅच होती. इप्सविचविरुद्ध, क्लबकडून ५०० वी, त्यात २०० वा गोल. टीम कधीचीच खाली गेलेली, मॅचला काडीचा अर्थ नाही. पण आमच्या गोडाऊनवरच्या प्रोजेक्टरसमोर त्या दिवशी माणसं उभी होती, बसायला जागा नाही. मार्चमध्ये तिथे चारच टाळकी यायची. वार्डी पळतो म्हणून आले सगळे, अडतिसाव्या वर्षी.

काका, तुमच्या ग्राउंडवर अजून कुणी खेळतं का? आम्ही पाच-सहाजण येऊ शकतो.

रावेरहून, केळीवाला

मी पण येतो. पण वेळ सांगा, ह्या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, पहाटेपर्यंत मोटर चालू असते.

भुसावळहून, रेल्वेतून निवृत्त

खेळतात. रविवारी सकाळी सहा, त्यानंतर मे महिन्यात उभं राहवत नाही. पाणी ज्याचं त्याने आणायचं. आणि केळीवाल्या, तू झोपून ये, नाहीतर लेफ्ट बॅकला लावीन.