एवढी कथेकऱ्यांची परंपरा, मग चिनी स्थलांतरितांच्या घरात आजोबा गप्प का?

मांजलपूर_वाचक

नमस्कार मंडळी, दांडिया बाजारात आमचा मराठी वाचकांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा जमतो, पुढच्या वेळचा विषय माझ्याकडे आलाय आणि मी मुद्दाम चिनी स्थलांतरित घेतलेत. म्हणजे चीनमधून कलकत्ता, सिंगापूर, अमेरिका असे गेलेले लोक, त्यांच्या गोष्टी, त्यांचं साहित्य. आपली बडोद्यातली मराठी घरं पण गायकवाडांच्या मागोमाग इथे आलेली, त्यामुळे गाव सोडून आलेल्यांच्या घरात काय टिकतं हे जाणून घ्यायची मला पहिल्यापासून ओढ आहे.

आता प्रश्न. एकीकडे वाचते की चिनी लोकांत गोष्ट सांगायची परंपरा केवढी मोठी, कथेकरी चौकात बसून तीन राज्यांच्या लढाया रोज थोड्या थोड्या करून सांगायचे, वानरराजा सन वुकाँग तर पोराटोरांच्या ओळखीचा. आणि दुसरीकडे त्यांच्याच मुलानातवंडांनी लिहिलेलं काही उघडा, तक्रार तीच, घरातली मोठी माणसं कधी काही बोललीच नाहीत. असं कसं? कोणी नीट सांगेल का, आणि भेटीत वाचायला काय घेऊ तेही सांगा.

रावपुरा_जुना

विषय छान घेतलात. कथेकरी होते आणि भरपूर होते. सिंगापूरच्या नदीकाठी संध्याकाळी हमाल, होडीवाले दिवसभराचं काम संपवून जमायचे, कथेकरी दिवा लावून बसायचा आणि एक उदबत्ती पेटवायचा. उदबत्ती विझली की गोष्ट थांबली, तीही बरोब्बर तलवार उपसल्यावर, मग पैसे गोळा करायचे आणि दुसरी उदबत्ती. ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, पुस्तक ते हेच. आणि ज्याची त्याची बोली वेगळी, हॉक्कियनवाला वेगळा, तिओच्यूवाला वेगळा, कँटोनीज वेगळा. पुढे रेडिओवर ली दाय सो कँटोनीजमध्ये गोष्टी सांगायचे, लोक काम सोडून ऐकत. मग १९७९ मध्ये सरकारनं सगळ्यांनी मँडरिन बोला अशी मोहीम काढली आणि दोनतीन वर्षांत बोलीभाषेतले कार्यक्रम बंद होत गेले. आजीला एकच बोली येते आणि नातू शाळेत दुसरंच शिकतो, मग आजीनं सांगायचं कुणाला? मला तरी यात सरकारची मोठी चूक वाटते.

फतेहगंज_काका

भाषेचं बरोबर आहे, पण ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर भीतीत आहे. अमेरिकेचं बघा. ज्या लोकांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वे टाकली, १८६९ ला ती पूर्ण झाली, त्यांच्याच भाऊबंदांना १८८२ च्या कायद्यानं दार बंद. मजुरांना बंदी, आणि हे १९४३ पर्यंत चाललं. मध्ये १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली आणि सरकारी दप्तरं जळाली. तिथे जन्मलेला तो नागरिक हे सुप्रीम कोर्टानं १८९८ मध्येच ठरवलेलं होतं, मग बऱ्याच जणांनी सांगितलं आमचा जन्म इथलाच, कागद जळले. आणि नागरिकाची मुलं पण नागरिक, म्हणून चीनला जाऊन आला की म्हणायचं मला तिकडे मुलगा झाला. ती जागा मग पुतण्याला द्यायची नाहीतर कुणाला विकायची. यांना कागदी मुलगे म्हणायचे.

आता सरकारलाही हे कळत होतंच. म्हणून एंजल आयलंड नावाच्या बेटावर १९१० ते १९४० येणाऱ्यांना अडकवून चौकशी करायचे, कुणी काही आठवडे, कुणी महिनोन्‌महिने. प्रश्न कसले? तुमच्या दारापासून विहीर किती पावलांवर, तिसऱ्या घरात कोण राहतं, तांदळाचा रांजण कुठल्या खोलीत. हेच बापाला वेगळं बसवून विचारायचे आणि ताडून बघायचे. म्हणून आधी उत्तरांच्या वह्या मिळायच्या, बोटीवर घोकायच्या आणि किनारा दिसला की समुद्रात टाकायच्या. म्हणजे विचार करा, पंधरासोळा वर्षांचं पोरगं परक्या घराण्याची गोष्ट तोंडपाठ करतंय, आणि ती गोष्ट मग जन्मभर सोडता येत नाही, आडनाव तेच, बाप तोच. १९५६ मध्ये सरकारनं कबुली द्या म्हणून योजना काढली, पण एकानं तोंड उघडलं की अख्ख्या कुटुंबाची साखळी उघडी. असा माणूस नातवाला रात्री गावाकडची गोष्ट कशी सांगेल, कुठल्या गावाची सांगेल?

आणि तरी ते गप्प नव्हतेच. त्या बेटावरच्या बराकीत लाकडी भिंतींवर त्यांनी कविता कोरल्यात, जुन्या छंदात, नीट ओळी मोजून. अधिकारी वर लांबी भरायचे, रंग मारायचे, हे पुन्हा कोरायचे. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरली होती तेव्हा तिथल्या एका रखवालदार अधिकाऱ्याच्या नजरेला ती अक्षरं पडली, म्हणून वाचली. भेटीत आधी याच घ्या, इंग्रजी भाषांतरं मिळतात.

मांजलपूर_वाचक

काका, विहिरीच्या पावलांचं वाचून थांबलेच मी. मनापासून आभार. पण आपल्या भारतातलं पण काहीतरी हवं, ग्रुपमधल्या बायका म्हणतील अमेरिका लांब राहिली.

कारेलीबाग_दुपार

भारतातलं मी सांगते. कलकत्त्याजवळ बजबजच्या पुढे अचिपूर आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग अचेव नावाचा चिनी माणूस वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन तिथे आला, साखरेचा कारखाना काढला, त्याच्या नावावरूनच गावाचं नाव. अजून चिनी नववर्षाला कलकत्त्याचे चिनी लोक त्याच्या समाधीला जातात. कलकत्त्यातल्या टांग्रा वस्तीतले हक्का बोलीचे चिनी लोक चामड्याच्या धंद्यात, कँटोनीज सुतारकामात, हुबेईकडचे दात बसवणारे, असं सगळं मांडलेलं होतं.

आणि मग १९६२. युद्ध झालं आणि आसाम, बंगालमधल्या साधारण तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, यात इथेच जन्मलेले कितीतरी, उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. आपल्या दिल्लीच्या गाडीत कोटा लागतं ना, तिथून बुंदीच्या पुढे देवळी. इंग्रजांच्या काळात जयप्रकाश नारायण याच छावणीत होते. काही लोक १९६७ पर्यंत अडकून पडले, सुटून घरी गेले तर घर, दुकान राहिलेलं नाही. काहींना चीनला पाठवलं, जो देश त्यांनी बघितलेला पण नव्हता. आसामात माकूमच्या चिनी लोकांवर रीता चौधरींची ‘माकाम’ कादंबरी २०१० मध्ये असमियात आली, इंग्रजीतही आहे. तोपर्यंत या लोकांबद्दल कुणी फारसं बोलतच नव्हतं, ते स्वतःसुद्धा नाही, कारण पुन्हा धरून नेतील ही धास्ती. मला याचा अजून राग येतो, आपल्या शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही.

रावपुरा_जुना

अजून एक, गाण्यातल्या गोष्टी विसरू नका. कँटनजवळच्या तैशान भागातून पुरुष कॅलिफोर्नियाला गेले, बायका मागे राहिल्या, त्या लाकडी माशावर, म्हणजे माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडी वाद्यावर, ठोके देत मुयू गाणी म्हणायच्या, नवरा सोन्याच्या डोंगराला, म्हणजे अमेरिकेला गेला, पत्र आलं, माणूस नाही आला. आपल्या बडोद्याचे जुने गुजराती कवी प्रेमानंद, त्यांची आख्यानं माणभट्ट बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या घड्यावर, म्हणजे माणेवर, वाजवत सांगतात, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये अंग श्यूंग ची म्हणून म्हातारबाबा बागेत बसून ही गाणी म्हणायचे, १९९२ मध्ये त्यांना अमेरिकेची राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप मिळाली. स्वतःचं दुःख घरात सांगता येत नव्हतं ते गाण्यात दुसऱ्याचं म्हणून सांगता यायचं, मला वाटतं तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू इथे आहे.

फतेहगंज_काका

हे पटलं. मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांचं १९७६ चं ‘द वुमन वॉरियर’ तर सुरूच असं होतं, आई मुलीला आत्याची गोष्ट सांगते आणि आधी बजावते की कुणाला सांगायचं नाही. मुलगी पुस्तकच लिहिते. ताई, भेट दीड तासाची असेल तर भिंतीवरच्या कवितांना निदान अर्धा तास द्या, माकाममधलं एकच प्रकरण घ्या, आणि किंग्स्टनची पहिली काही पानं मोठ्यानं वाचा.