प्रबंधाचं तिसरं प्रकरण सहा महिने अडलंय, काय करू?

पांझराकाठची:
नमस्कार. इतिहासात पीएच.डी. करतेय, नोंदणी २०२१ ची. विषय धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली सिंचनाची फड पद्धत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यांतून पाट निघतात. पाटाखालची गावाची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी फेरपालट. शेतकऱ्याचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असतो, म्हणून पाणी कमी पडलं की एखादा फड सगळे मिळून पडीक ठेवतात. नुकसान एकट्यादुकट्यावर येत नाही.

विषय जिवाभावाचा आहे. माझं माहेरच तिथलं. ३४ मुलाखती ध्वनिमुद्रित आहेत, पहिली दोन प्रकरणं गाईडकडून तपासून आली आहेत. तिसरं प्रकरण मात्र दिवाळीपासून नऊ पानांवर थांबलंय.

दिवसा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पावणेदहाला मुलगी झोपली की लॅपटॉप उघडते, आणि बसल्यावर सगळं करते, फक्त लिहीत नाही. परवा दोन तास तळटीपांमधले स्वल्पविराम सारखे केले. त्याआधीच्या आठवड्यात शोधगंगेवरून सिंचनावरचे आणखी सहा प्रबंध उतरवून घेतले, एकही वाचला नाही. साडेबाराला झाकण मिटते तेव्हा पोटात खड्डा पडलेला असतो. सहामाही प्रगती अहवालात 'लेखन सुरू आहे' असं दोनदा लिहून दिलंय. तिसऱ्यांदा लिहायला हात धजावत नाही.

ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी कृपया सांगा. 'वेळापत्रक कर' एवढंच सांगू नका, ती तीन करून झाली आहेत.

मुदतवाढवाली, पुणे:
ताई, आधी मुदतीची भीती मनातून काढा. यूजीसीचे २०१६ चे नियम घ्या किंवा २०२२ चे, कमाल मुदत ६ वर्षं आहे आणि महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत देता येते. ती आपोआप मिळत नाही, मुदत संपायच्या आत अर्ज लागतो. बाळंतपणाच्या रजेचे दिवस वेगळे. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन लेखी विचारा, तोंडी उत्तरावर थांबू नका. माझा अर्ज एका टेबलावर चार महिने पडून होता, मी पोच घेतली होती म्हणून वाचले.

आणि रात्रीचं लिखाण सोडून बघा. दिवसभर घसा कोरडा करून आल्यावर डोकं फक्त स्वल्पविरामच बघू शकतं. मी पहाटे पाच ते साडेसहा लिहायचे, फोन देवघरात ठेवून.

जुना मार्गदर्शक:
२२ वर्षं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं, त्यावरून लिहितो. दोन प्रकरणं लिहून झालेल्या माणसाला आळशी म्हणायला मी तयार नाही. तुम्ही प्रकरणावर अडला नाहीत, एखाद्या ठराविक वाक्यावर अडला आहात. माझ्या पाहण्यात दहातल्या आठांचं असंच होतं. ते वाक्य लिहिलं तर पुढचं काहीतरी मोडणार असतं, आणि हाताला ते डोक्याच्या आधी कळतं.

आज रात्री नववं पान उघडा आणि कुठल्या वाक्यानंतर तळटीपांकडे वळता ते बघा. तेवढंच इथे लिहा. बाकी काही करू नका.

पांझराकाठची:
सर, बघितलं. रात्री झोप आली नाही.

वाक्य असं आहे: 'अशा रीतीने फड पद्धतीत गावातील सर्व घटकांना पाण्याचा समन्यायी वाटा मिळत असे.' सिनॉप्सिसमधलं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यातलं गृहीतकच आहे ते, समितीला आवडलेलं. त्याच्या पुढे मला एकोणिसावी मुलाखत घालायची होती. हे आजोबा जागल्याच्या घरातले. त्यांचे वडील रात्रभर पाटावर फिरून पाण्याची राखण करायचे, सुगीला धान्य मिळायचं. मी विचारलं, दुष्काळात तुमचा फड कोणता पडीक राहायचा? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमनं एक बी फडमा वावर नही व्हतं." ध्वनिमुद्रणात त्यानंतर माझा आवाज आहे, 'बरं, आता बंधाऱ्याविषयी सांगा.' मी घाईने विषय बदलला होता. ती फाईल मी त्यानंतर उघडलीच नाही.

म्हणजे ज्याला जमीन होती त्यालाच ते 'सर्व' लागू होतं. हे लिहिलं तर गृहीतक मोडतं, आणि पद्धतीवर माझं प्रेम आहे तेही दुखतं.

जुना मार्गदर्शक:
गृहीतक मोडलं तर प्रबंध नापास होत नाही. ते तपासायलाच तर नोंदणी केलीत. जमीनधारकांत वाटप समन्यायी होतं हे तुमच्या ३३ मुलाखती सांगतात, ते खरंच राहील. त्या 'सर्व' शब्दाची हद्द एकोणिसावी मुलाखत दाखवते. हे तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान आहे.

गाईडना पूर्ण प्रकरण देऊ नका. या मुलाखतीची चार-पाच पानं द्या आणि गृहीतकात बदल करायचाय हे तोंडाने सांगा. आजोबांचे शब्द अहिराणीतच ठेवा, प्रमाण मराठी खाली द्या.

पांझराकाठची:
पहाटे उठून ती फाईल ऐकली. बोलण्याच्या मागे मोटेसारखी करकर येते, तेव्हा लक्षात आलं नव्हतं, ती त्यांच्या खाटेची आहे. साडेतीन पानं झाली. 'सर्व घटकांना' खोडून 'जमीनधारकांना' लिहिलंय आणि त्याखाली आजोबांचं वाक्य. शनिवारी गाईडकडे जातेय. त्याच्या आधी साक्रीला जाऊन आजोबांना तेव्हा न विचारलेलं विचारायचंय, वर्षाला धान्य किती मिळायचं आणि दुष्काळात ते मिळायचं का.